सशांवर उतरलं, माणसांवर चढलं

'प्राण्यांवर गुण दिसला की औषध सिद्ध झालं' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. गुग्गुळाचंच, म्हणजे आयुर्वेदात औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या झाडाच्या डिंकाचंच बघा. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाचा (चरबी वाढण्याच्या विकाराचा) धागा पकडून सशांवर प्रयोग केले आणि कोलेस्टेरॉल खरोखर उतरलं. फार मोलाचं काम होतं ते. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून गुग्गुलिपिड हे गुग्गुळाच्या अर्काचं औषध तयार केलं, इथल्या रुग्णांवरच्या चाचण्यांतही फायदा दिसला.

पण २००३ मध्ये फिलाडेल्फियात १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळ्यांवर) असलेल्यांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ५ टक्क्यांनी घटलं, तर गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचं ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं! काहींच्या अंगावर पुरळही उठलं. तिथला आहार वेगळा, हा आक्षेप रास्त आहे, पण मग इथेही तशीच काटेकोर, मोठी चाचणी व्हायला हवी. आणि बीपीसाठी डिल्टियाझेम किंवा प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता गुग्गुळ कृपया सुरू करू नका. गुग्गुलिपिडसोबत ही दोन्ही औषधं रक्तात कमी प्रमाणात पोहोचतात, असं आढळलं आहे.