मोर्स पाठवताना लय तुटते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. हॅम (हौशी) रेडिओच्या जनरल ग्रेड परवान्यासाठी मोर्सची तयारी करतोय. मिनिटाला 8 शब्द घेता आणि पाठवता यायला हवेत. ऐकून लिहिणं जमतंय, अडतंय ते पाठवताना. हिशोब तोंडपाठ आहे: डॅश तीन डॉटइतका, दोन अक्षरांमध्ये तीन डॉटची जागा, शब्दांमध्ये सात. पण हात ऐकेल तर ना! 'सी' म्हणजे डा-डि-डा-डिट (डा म्हणजे डॅश, डि किंवा डिट म्हणजे डॉट), आणि 'एन' म्हणजे डा-डिट. मध्ये जरा रेंगाळलो की मोबाइलवरचं अ‍ॅप सरळ दोन 'एन' छापतं. म्हणजे 'सीक्यू' (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) पुकारतानाच घोटाळा.

स्ट्रेट कीवर (वरखाली दाबायची साधी की) मनगट हलवायचं की नुसती बोटं? कोपर टेबलावर टेकवता का? कीच्या संपर्कबिंदूंमधली फट किती ठेवता? ओळखीचे एक काका म्हणतात, पॅडल (बाजूने दाबायची की) घे, डॉट-डॅश त्याला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र, म्हणजे कीयरच मोजतो. खरंय, पण अक्षरांमधली जागा शेवटी आपल्यालाच सांभाळायची ना? परीक्षेला पॅडल चालतं का, हेही अलीकडे देऊन आलेल्यांनी सांगा.

आणि तारखात्यात की चालवलेलं कुणाच्या घरी असेल (तार 2013 मध्ये बंद झाली, पण हात विसरत नाहीत म्हणे), तर मनगट न दुखता ते कसं पाठवायचे, एवढं विचाराच.