गुंतवणूकदार घ्यावा की ना-नफा संस्थेकडे जावं?

प्रश्न: सहा वर्षं बॅकअपचं एक ओपन सोर्स टूल सांभाळतोय, नोकरीनंतर रोज रात्री दोन तास. आता एक गुंतवणूकदार कंपनी काढायला पैसे देतोय. मन धजत नाही. यातला निम्मा कोड लोकांनी फुकट लिहून दिलाय. ना-नफा संस्थेच्या जोरावर असं काम खरंच चालतं का?

उत्तर १: थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं ब्लेंडर चाललंय की. गुंतवणूकदारांच्या पैशावरची कंपनी २००२ साली बंद पडली. ब्लेंडरचे निर्माते टॉन रूझेनडाल यांनी फाउंडेशन काढून लोकांकडे मागितलं. सात आठवड्यांत १ लाख युरो जमले, कोड सोडवून घेतला आणि जीपीएलखाली, म्हणजे कोड आणि त्यातले बदल खुलेच ठेवायला लावणाऱ्या लायसन्सखाली, खुला केला.

उत्तर २: गुंतवणूक घेतलेल्या एका प्रोजेक्टमध्ये मी चार वर्षं काढली. माणसं वाईट नव्हती. पण त्यांना काही वर्षांत पैसा कित्येक पटींनी परत हवा असतो, आणि बॅकअपच्या टूलमधून तो येणार कुठून? मग नजर लायसन्सवर, म्हणजे कोड कोणी कसा वापरायचा त्या अटींवर, जाते. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म टूलचं २०२३ मध्ये बदललं, रेडिस या डेटाबेसचं २०२४ मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून वेगळे प्रोजेक्ट, काढले, ओपनटोफू आणि वाल्की, आणि दोन्ही लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेले. आमचं लायसन्स बदललं तेव्हा एका जुन्या योगदात्याने विचारलं, माझा पॅच, म्हणजे मी लिहून दिलेला कोड, परत घेता येईल का? सीएलएवर, म्हणजे योगदात्याच्या कोडचे हक्क प्रोजेक्टला देणाऱ्या करारावर, त्याची सही होती. ‘नाही’ हे उत्तर मला लिहावं लागलं. अजून टोचतं ते.

तुमच्याकडे सीएलए आहे का? जीपीएल असेल आणि सीएलए नसेल, तर सगळ्यांच्या संमतीशिवाय लायसन्स बदलता येत नाही.

उत्तर ३: स्वतःची संस्था लगेच काढू नका, हिशेब आणि कागदपत्रांतच वर्ष जाईल. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी किंवा डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी उभी राहिलेली एसपीआय (सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट) अशा संस्था प्रोजेक्टला आपल्या छत्राखाली घेतात. देणग्या, डोमेन, ट्रेडमार्क त्यांच्या नावे राहतं. मात्र पैसा आपोआप येत नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक उघडकीला येईपर्यंत, ती ज्यात होती त्या ओपनएसएसएल या वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या कोडला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळायची, आणि निम्मं इंटरनेट त्यावर चालत होतं! जे टूल वापरतात त्या कंपन्यांकडे स्वतः जाऊन मागा.

प्रश्नकर्ता: जीपीएलच आहे, सीएलए कधी घेतला नाही. गुंतवणूकदाराने दुसऱ्याच मेलमध्ये विचारलं होतं, ‘सगळ्यांच्या सह्या मिळवता येतील का?’ मला ती औपचारिकता वाटली होती. आज रात्री त्यांना नकार कळवतो. एसपीआयचे नियम वाचायला घेतलेत.