काजू सोलणारी बाई: मालमत्ता नसलेल्या घरात पुरुषसत्ता कुठून येते?

तांबडीमाती: वेंगुर्ल्यातल्या अभ्यासवर्गासाठी टिपण करतोय. मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्स याने १८८४ मध्ये मांडलं की बाईच्या गुलामीचं मूळ खाजगी मालमत्तेत आहे: वारस आपलाच हवा, म्हणून बाईवर पहारा. पण काजू कारखान्यात सोलायला जाणाऱ्या बाईच्या नवऱ्याकडे ना बाग, ना होडी. तरी चूल तिचीच. हे कसं बसवायचं?

चिरेबंदी: एंगल्स तिथेच अडतो. कामगाराकडे मालमत्ता नाही, म्हणजे त्याच्या घरात वर्चस्वाला पायाच नाही, असं त्याने धरलं. १९७२ मध्ये मारियारोझा दाल्ला कोस्टा आणि सेल्मा जेम्स या स्त्रीवादी लेखिकांनी नेमकं बोट ठेवलं: रांधणं, धुणं, पोरं वाढवणं यातून उद्या कामावर जाणारी श्रमशक्ती तयार होते, आणि मालकाला ती फुकट मिळते.

आपल्याकडे चाकरमान्याचं घर बघा. तो मुंबईच्या गिरणीत, खानावळीत जेवणारा. गावी लावणी, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या अंगावर. मनीऑर्डर चुकली तरी घर तगायचं, म्हणूनच पगार एकट्याच्या पोटापुरता ठेवता आला. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपात गावी परतलेल्या गिरणी कामगारांनाही याच घरांनी पोसलं.

लाटेकाठी: कारखान्यातलं काम तपशिलात घ्या. बी वाफवतात, फोडतात, गर वाळवतात, मग सोलायला देतात. मजुरी किलोवर. गराची प्रत आकारावर ठरते: ३२० नंबर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. तुटला की तुकड्यात जातो, भाव उतरतो. गर कमी वाळला तर साल चिकटून राहते, जास्त वाळला तर चिमटीत मोडतो. चूक वाळवण्यात, फटका सोलणारीला. फोडणाऱ्या बाईची बोटं टरफलातल्या तेलाने भाजतात ती वेगळीच.

अभ्यासवर्गासाठी बायकांकडून माहिती घेताना "काम करता का?" असं विचारू नका, "नाय, घराकच असतंय" एवढंच उत्तर येईल. तासातासाने विचारा: पहाटे पाचला काय, सहाला काय. मूल मांडीवर घेऊन सोललं असेल तर दोन्ही कामं लिहा. एकच लिहिलंत की घरकाम पुन्हा गायब.

चिरेबंदी: हो, आणि मालमत्ता पार सोडू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा मिळाला, तरी भावासाठी हक्कसोडपत्रावर सही घेतली जातेच. वहीत एक रकाना सातबाऱ्याचाही ठेवा: नाव कोणाचं, आणि कमी कधी झालं.