लांब वाढलेली बगलफूट आता काढावी की ठेवावी? (खरीप टोमॅटो)

नमस्कार. नारायणगावजवळ माझा एक एकर टोमॅटो आहे. पाच फुटी गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरून दीड फुटाच्या अंतराने सुमारे ५८०० रोपे जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावली. आज लागवडीला ३२ दिवस झाले आहेत. बांबू आणि तार उभी असून सुतळीची पहिली बांधणीही झाली आहे.

वाण मर्यादित वाढीचा आहे, म्हणजे ठरावीक गुच्छांनंतर शेंडा आपोआप थांबतो. अशा वाणावर शेडनेटमधल्यासारखे एकच खोड ठेवू नये, हे मला गेल्या उन्हाळ्यात नुकसान सोसून कळले. तेव्हा मी शेंड्यापर्यंतची सगळी बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारी फांदी, खुडली होती. पहिल्या गुच्छाची फळे नजरेत भरतील अशी झाली. पण मे महिन्यात पश्चिमेकडच्या फळांवर देठाजवळ कागदासारखे पांढरे, दबलेले चट्टे पडले, कारण त्यांच्यावर सावली धरायला पानच उरले नव्हते.

म्हणून यंदा पहिल्या फुलगुच्छाच्या लगेच खालची जोमदार फूट दुसरे खोड म्हणून राखायची, तिच्या खालच्या सगळ्या काढायच्या आणि गुच्छाच्या वरच्या फुटींना हात लावायचा नाही, असे ठरवले होते. फूट दोन-अडीच इंचांची असतानाच बोटाने मोडली, तर जखम लहान राहते आणि लवकर सुकते. मात्र संततधारेमुळे आठवडाभर वाफ्यात पाय टाकता आला नाही आणि खालच्या फुटी आता आठ-दहा इंच वाढून पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या आहेत.

त्या बुडातून कापल्या, तर या दमट हवेत खोडावरच्या मोठ्या जखमेतून रोग शिरण्याची भीती वाटते. ठेवल्या, तर आत वारा खेळणार नाही. तळाच्या पानांवर करपा वलये दाखवू लागलाच आहे. अशा वेळी फुटीचा फक्त शेंडा खुडून बाकीची फूट पुढच्या उघडिपीपर्यंत ठेवणे योग्य ठरेल का? तसेच पेपरला टेकलेली पाने एकाच वेळी काढावीत की दोन टप्प्यांत?

मजुरांच्या हातांवरच्या तंबाखूतून विषाणू पसरू नये म्हणून कामाआधी साबणाने हात धुवायला लावतो. त्यावरून माझी थट्टा होते, ते असो. खरिपात तारेवर टोमॅटो घेणाऱ्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगावा. परवा उघडीप मिळाली, तर चार माणसे सांगून ठेवली आहेत.