पहिली केमो तीन आठवड्यांवर आहे; मूल होण्याबद्दल आत्ताच विचारावे का?

तासगावची सून

नमस्कार. माझे वय २९ आहे. माहेर सांगलीचे आणि सासर तासगाव तालुक्यातले. लग्नाला दीड वर्ष झाले. गेल्या महिन्यात अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. मिरजेत सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सी झाली, आणि मागच्या मंगळवारी कर्करोगाचे निदान झाले. रोग काखेतल्या एका ग्रंथीपर्यंत गेला आहे, पण शरीरात इतरत्र पसरलेला नाही. गाठ हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या स्त्री-हार्मोनवर वाढणारी आहे. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन आणि पुढे किमान पाच वर्षे त्या हार्मोनचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी, असा क्रम डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला आहे.

तो कागद वाचताना माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. केमो संपेपर्यंत तिशी येणार आणि गोळ्या संपेपर्यंत पस्तिशी उलटणार. या जानेवारीपासून आम्ही मुलाचा विचार सुरू केला होता. डॉक्टरांसमोर माझे वडील, सासरे आणि दीर उभे होते, त्यामुळे तोंडून शब्द फुटला नाही. घरी आल्यावर यजमानांजवळ विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, ‘तू बरी हो, मला दुसरे काही नको.’ त्यांच्या म्हणण्यात खोट नाही, हे मला कळते. तरीही रात्री झोप लागत नाही, आणि जिवावर बेतलेले असताना आपण मुलाचा विचार करतो आहोत, याची मनाला लाज वाटते.

केमोने मूल होण्याची शक्यता खरोखरच जाते का? स्त्रीबीजे गोठवून ठेवतात असे ऐकले आहे, पण त्यासाठी केमो लांबवावी लागली तर रोग वाढणार नाही का? आणि हे कोणाला, कोणत्या शब्दांत विचारावे? कोणी या वाटेने गेले असेल तर कृपया लिहावे.

कोयनाकाठ, कराड

ताई, सर्वांत आधी लाजेबद्दल लिहिते. २०११ मध्ये, २२ वर्षांची असताना, मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. मानेत गाठी होत्या. उपचारांच्या सहा महिन्यांत केस, वजन, उलट्या, रक्तातल्या पेशी या सगळ्यांबद्दल मला नीट समजावून सांगितले गेले, पण पाळी आणि मूल यांबद्दल एकाही माणसाने एक शब्द काढला नाही. मी अविवाहित होते, म्हणून तो प्रश्न मला नसेलच असे सर्वांनी गृहीत धरले असावे. मीही विचारले नाही. चौथ्या महिन्यात पाळी थांबली, तेव्हा घरातल्या संडासात बसून मी एकटी रडले आणि आईलाही सांगितले नाही. आजही त्या आजारातले मला सर्वांत जास्त आठवते ते हे मौन.

माझी पाळी सात महिन्यांनी परत आली. लग्न ठरताना आम्ही स्थळाकडच्या मंडळींना आजाराची सगळी कागदपत्रे दाखवली. दोन ठिकाणांहून नकार आला, तिसऱ्या ठिकाणी होकार मिळाला. आज मला पाच वर्षांची मुलगी आहे. परंतु माझे उदाहरण तुम्ही स्वतःला लावू नका. मला जी औषधे दिली गेली होती, ती अंडाशयांना तुलनेने कमी इजा करणारी होती, हे मला फार नंतर एका डॉक्टरांकडून कळले. तुमची औषधे वेगळी असणार. म्हणून पुढच्या भेटीत तुमच्या औषधांची नावे लिहून घ्या आणि प्रत्येकाचा अंडाशयावर काय परिणाम होतो, ते विचारा. सगळ्यांसमोर बोलवत नसेल तर एका चिठ्ठीवर ‘मला पुढे मूल हवे आहे, केमोपूर्वी काय करता येईल?’ एवढे एक वाक्य लिहून ती डॉक्टरांच्या हातात द्या. नंतर एका मैत्रिणीच्या वेळी आम्ही असेच केले. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून बाकीच्यांना स्वतःच बाहेर थांबायला सांगितले.

मेणवलीच्या काकू

बाळ, तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून लिहिते, राग मानू नकोस. माझ्या धाकट्या बहिणीने हीच गाठ आठ महिने अंगावर काढली. आधी मुलीचे लग्न उरकू, मग बघू, असे म्हणत राहिली. आता ती नाही. त्यामुळे केमो पुढे ढकलण्याचा विचार वाचला आणि पोटात गोळा आला. आधी जीव वाचव. मूल दत्तकही घेता येते. तुझ्या यजमानांचे म्हणणे मला पटते.

स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा

काकूंच्या भीतीमागे एक मृत्यू आहे आणि ती भीती रास्त आहे. आठ महिने उपचार टाळणे आणि पहिल्या केमोपूर्वीचे दोन आठवडे योजनापूर्वक वापरणे, या दोन गोष्टी मात्र एक नाहीत. कर्करोगतज्ज्ञांची संमती असेल तर हे दोन आठवडे उपचारांचाच भाग म्हणून धरावेत. त्यांनी वैद्यकीय कारणाने नकार दिला तर तो मानावा. पण प्रश्न विचारलाच गेला नाही म्हणून संधी हुकली, असे होऊ नये. मी कर्करोगतज्ज्ञ नाही, शिवाय तुमचे अहवाल मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे, ते प्रश्न विचारण्याच्या तयारीसाठी आहे.

स्त्रीच्या अंडाशयात जन्मतःच बीजांचा ठरावीक साठा असतो आणि नवीन बीजे तयार होत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी सायक्लोफॉस्फामाइड या साठ्याला विशेष इजा करते. इजा किती होईल हे एकूण मात्रेवर आणि वयावर अवलंबून असते. चाळिशीच्या बाईची पाळी याच औषधांनी कायमची जाऊ शकते, तर २९ व्या वर्षी ती बहुतेकदा परत येते. मात्र पाळी आली म्हणजे साठा शाबूत आहे असे नव्हे. साठा घटलेला असतो आणि रजोनिवृत्ती अपेक्षेपेक्षा लवकर येऊ शकते. केमोपूर्वी एएमएच ही रक्ताची तपासणी आणि अंडाशयांची सोनोग्राफी करून घेतली तर आज साठा किती आहे याचा अंदाज येतो.

स्त्रीबीजे गोठवण्यासाठी पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे आणि त्यात महिना जाई. आता चक्राच्या कोणत्याही दिवशी इंजेक्शने सुरू करता येतात. साधारण दहा ते चौदा दिवस रोज इंजेक्शन, मध्ये काही वेळा सोनोग्राफी आणि शेवटी थोड्या वेळाची भूल देऊन योनीमार्गाने सुईच्या साहाय्याने बीजे काढणे, एवढी ही प्रक्रिया आहे. तुमची गाठ हार्मोन-पॉझिटिव्ह असल्याने या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वाढू नये म्हणून बरोबर लेट्रोझोलची गोळी देतात. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, पण त्यातला पहिला आठवडा विचारात गेला तर वेळ अपुरी पडेल. म्हणून भेट याच आठवड्यात व्हायला हवी.

बीजे तशीच गोठवावीत की यजमानांच्या शुक्राणूंशी फलन करून भ्रूण गोठवावेत, याचा निर्णय तुमचा आहे. भ्रूणावर दोघांचा हक्क असतो आणि पुढे तो वापरताना दोघांची संमती लागते. नुसती बीजे फक्त तुमची असतात. लग्न नवे आहे आणि आजार मोठा आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. काही जोडपी थोडी बीजे आणि थोडे भ्रूण असे दोन्ही ठेवतात. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्यानुसार अशी केंद्रे नोंदणीकृत असावी लागतात आणि भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवता येतात. केंद्राची नोंदणी अवश्य पाहा.

केमोच्या काळात अंडाशयांना विश्रांती देणारे गोसेरेलिनचे दरमहा इंजेक्शन हा आणखी एक उपाय आहे. ते पहिल्या केमोच्या किमान एक आठवडा आधी सुरू करतात. त्याने लवकर रजोनिवृत्ती येण्याचा धोका कमी होतो, पण गोठवण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

आता टॅमॉक्सिफेनच्या पाच वर्षांबद्दल. ही गोळी चालू असताना गर्भ राहता कामा नये, कारण तिने गर्भाला इजा होऊ शकते. त्यासाठी हार्मोनच्या गोळ्यांऐवजी तांबी किंवा निरोध वापरावा. पण पस्तिशीपर्यंत थांबावेच लागेल असे नाही. ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे टॅमॉक्सिफेनसारखे हार्मोन रोखणारे उपचार घेऊन मग गर्भधारणेसाठी ते जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवले. सुमारे तीन वर्षांच्या पाहणीत त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण, न थांबलेल्या तशाच स्त्रियांच्या तुलनेत, वाढलेले दिसले नाही, आणि ६४ टक्के स्त्रियांना मूल झाले. त्याहून पुढच्या काळाची पाहणी अजून चालू आहे, त्यामुळे हा निर्णय त्या वेळी तुमच्या तज्ज्ञांसोबतच घ्यावा लागेल.

इतक्या तरुण वयात हा रोग झाल्यास बीआरसीए जनुकांची (ज्यांच्यातल्या दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) तपासणी सुचवली जाते. दोष आढळला तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे ही तपासणीही याच संभाषणाचा भाग करा.

कोरेगावहून एक नवरा

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी ३३ वर्षांची असताना याच टप्प्यावर होती. मीही तुमच्या यजमानांचेच वाक्य बोललो होतो. पुढे एकदा ती म्हणाली, ‘तुम्ही माझ्या मनातले दार बाहेरून बंद केलेत.’ मी धीर देत होतो आणि तिला तो नकार ऐकू येत होता. तेव्हा ताई, यजमानांना ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारण्याऐवजी ‘मला हे हवे आहे, माझ्यासोबत चला’ असे सांगा. बहुतेक नवऱ्यांना काय करावे हे सांगितलेले बरे वाटते.

दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असल्यामुळे आम्ही पुण्यात चुलत भावाकडे बारा दिवस राहिलो. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून केमो झाली, पण हा खर्च आम्हाला स्वतःच करावा लागला. तुम्ही रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला विचारून घ्या, पण पैशांची तयारी स्वतःची ठेवा. साठवणुकीचे भाडे दरवर्षी वेगळे भरावे लागते, तेही आधी विचारा.

एक गोष्ट लपवत नाही. आम्हाला चारच बीजे मिळाली आणि त्यांतून दोन भ्रूण झाले. दोन भ्रूण म्हणजे मुलाची हमी नव्हे, हे तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितले. पत्नी सध्या टॅमॉक्सिफेन घेत आहे, ती शेतात येते, घर सांभाळते. पुढच्या वर्षी गोळी थांबवायची की नाही हे ठरेल. मूल होईल की नाही, मला माहीत नाही. पण केमोच्या त्या सहा महिन्यांत ती ज्या निश्चयाने उभी राहिली, त्यात त्या दोन भ्रूणांचा वाटा होता, हे मी जवळून पाहिले आहे.

मेणवलीच्या काकू

डॉक्टरांचे वाचले. दोन आठवडे आणि आठ महिने यांतला फरक समजला. बाळ, तू जा आणि विचार. माझे आधीचे लिहिणे मनाला लावून घेऊ नकोस.

तासगावची सून

काकू, मनाला लावून घेतलेले नाही. तुमच्या बहिणीबद्दल वाचून मी केमोची तारीख जराही पुढे जाऊ द्यायची नाही, हे पक्के केले.

कोयनाकाठ ताई, चिठ्ठी नेली होती, पण ती द्यावी लागली नाही. यजमानांनी स्वतःच सर्वांना बाहेर बसायला सांगितले आणि मी विचारले. डॉक्टर म्हणाले की केमो ठरल्या दिवशीच सुरू होईल आणि तोपर्यंतचा वेळ आमचा आहे. त्यांनी लगेच पत्र लिहून दिले. काल प्रजननतज्ज्ञांची भेट झाली. एएमएच चांगले आहे. थोडी बीजे आणि थोडे भ्रूण, असे दोन्ही ठेवायचे आम्ही ठरवले आहे. गोसेरेलिनबद्दल आणि जनुकांच्या तपासणीबद्दलही बोलणे झाले, रक्त देऊन आले. पैशांसाठी द्राक्षांच्या व्यापाऱ्याकडून येणे असलेली रक्कम सासऱ्यांनी मागून घेतली. त्यांना कशासाठी हे यजमानांनी सांगितले, आणि त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

इंजेक्शने थंडाव्यात ठेवायची असतात. सासूबाईंनी फ्रिजच्या दारातला वरचा कप्पा पुसून रिकामा करून दिला आहे. पहिले इंजेक्शन आज संध्याकाळी सात वाजता आहे.