विडी कामगार बायकांवरचे लेख शोधताना आधी डेटाबेस की आधी गूगल स्कॉलर?

निपाणी_शोधछात्रा
संशोधनाचे लेख शोधणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला सगळीकडे एकच सल्ला मिळतो: "गूगल स्कॉलरवर टाक, पहिली दहा पानं बघ, झालं." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून मुद्दाम विषय काढते.

माझा विषय निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायकांचं आरोग्य. अख्खं वाक्य शोधपेटीत टाकण्यापेक्षा त्याचे तीन तुकडे करा: विडी, कामगार बायका, ठिकाण. प्रत्येक तुकड्याचे जेवढे पर्यायी शब्द सुचतील तेवढे 'ऑर'ने (यांतला कुठलाही चालेल) जोडून कंसात घाला आणि कंस एकमेकांना 'ॲण्ड'ने (सगळे हवेतच) जोडा. पबमेडसारख्या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये हे नीट चालतं.

आपल्या सीमाभागाला तर याची जास्तच गरज आहे, कारण इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. विडी कामगारांसाठीच्या 1966 च्या केंद्रीय कायद्यात 'बी'नंतर दोन 'ई' आहेत, वैद्यकीय लेखांत बऱ्याचदा एक 'आय'. निपाणी कुठे एका 'पी'ची, कुठे दोन 'पी'ची. बेळगावचं सरकारी इंग्रजी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं, पण त्याआधीचे लेख जुन्याच नावाखाली आहेत. एकच रूप टाकून शोधायचं आणि "या विषयावर संशोधन झालेलं नाही" असं प्रबंधात लिहून मोकळं व्हायचं, हे मला गैर वाटतं. त्या बायकांवर कुणी मेहनतीने लिहिलेलं असतं हो.

खानापूर_प्राध्यापक
शिस्त चांगली, पण तुमच्या विषयाला पुरणारी नाही. पबमेड शोधतं ते मुख्यतः शीर्षक, सारांश आणि विषयशीर्षकांत. पाहणी निपाणीत झालेली असली तरी सारांशात नुसतं 'उत्तर कर्नाटक' असू शकतं. ठिकाणाचा कंस लावला की तो लेख गेलाच. स्कॉलरला लेखाच्या आतला मजकूरही बघता येतो.

मी एक चांगला लेख धरतो. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जातो, स्कॉलरमधल्या 'साइटेड बाय'वर (तो लेख संदर्भात घेणाऱ्या नंतरच्या लेखांची यादी) क्लिक करून पुढे येतो. शब्द जुळोत न जुळोत, विषय जुळतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवतो आणि शिकवत राहणार.

निपाणी_शोधछात्रा
सर, पण त्या साखळीत एकमेकांना वाचणारेच भेटतात. सोलापूरच्या विडी कामगारांवर लिहिणारा निपाणीवरचा लेख संदर्भात घेईलच असं नाही. आणि ज्याचा संदर्भ कुणी घेतलाच नाही, तो लेख साखळीत येणार कसा? छोट्या गावांवरचे लेख नेमके असेच पडून राहतात.

शिवाय स्कॉलर एका शोधाचे फार तर 1000 निकाल दाखवतो आणि ते कुठल्या हिशेबाने वरखाली लावले ते नीट कळत नाही. उद्या "कसं शोधलंस?" असं कुणी विचारलं, तर पबमेडमधली माझी शोधाची ओळ जशीच्या तशी प्रबंधात छापता येते.

टिळकवाडी_ग्रंथपाल
एक करून बघा. पबमेडमध्ये नुसतं बेळगावचं जुनं इंग्रजी नाव टाका. डोळ्यांवर, दातांवर, बाळंतपणावर, कशावरही लेख येतात. कारण तो शब्द लेखकांच्या पत्त्यातही शोधला जातो आणि आपल्याकडे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या डॉक्टरांनी कशावरही लिहिलं तरी पत्ता बेळगावच. म्हणून ठिकाणाच्या प्रत्येक शब्दापुढे चौकटी कंसात 'टीआयएबी' लिहायचं, म्हणजे शोध शीर्षक, सारांश आणि लेखकाने दिलेले कळीचे शब्द एवढ्यापुरताच होतो. एवढ्यानेच यादी वाचण्याजोगी होते.

दुसरं म्हणजे मेश. ही ठरावीक विषयशीर्षकांची यादी आहे. 'टोबॅको इंडस्ट्री' आणि 'ऑक्युपेशनल एक्स्पोजर' ही दोन शीर्षकं घेतली की लेखकाने विडीचं स्पेलिंग काहीही केलेलं असो, लेख हाती लागू शकतो.

शहापूर_एमएसडब्ल्यू
सर, मेशवर फार विसंबू नका बघा. पबमेडमधल्या प्रत्येक लेखाला ही शीर्षकं लागलेली नसतात. मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या निवडक नियतकालिकांच्या मुख्य भागात, न घेतलेल्या नियतकालिकांतले लेख त्यांच्याशिवायच असतात आणि आपल्याकडची कितीतरी लहान नियतकालिकं त्यातच मोडतात. नुसत्या मेशने शोधलं तर आपल्याच भागातले लेख सुटायचे.

माझा उपाय वेगळा. विडीवरचे लेख मुख्यतः ओढणाऱ्यांवरचे असतात. 'नॉट स्मोकिंग' लावा, नको ते सगळं एका फटक्यात जातं.

टिळकवाडी_ग्रंथपाल
मेशबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मेश आणि साधे शब्द 'ऑर'ने जोडूनच वापरावेत. पण 'नॉट' कृपा करून लावू नका. "या बायका धूम्रपान करत नव्हत्या" असं वाक्य कामगारांवरच्या लेखाच्या सारांशात सहज असतं, कारण फुप्फुसांचा त्रास तंबाखूच्या धुळीने झाला की ओढण्याने, हे लेखकाला वेगळं करून दाखवायचं असतं. तुम्ही 'नॉट' लावलंत की सगळ्यात कामाचा लेखच पहिला बाहेर पडतो. वगळण्यापेक्षा जोडा: इंग्रजी 'रोल'पुढे तारांकन द्या, म्हणजे रोलर, रोलिंग सगळं येतं. 'वर्कर'लाही तसंच.

अनगोळ_मराठी_विभाग
सगळी चर्चा आरोग्यावरच चालली आहे. मजुरी, संघटना, 1981 चं निपाणीचं तंबाखू आंदोलन हे पबमेडमध्ये कुठून येणार? त्यासाठी जेस्टोर हा इतिहास-समाजशास्त्राच्या नियतकालिकांचा डेटाबेस बघा. तिथे पूर्ण मजकुरात शोध होतो, त्यामुळे तळटीपेतली निपाणीही सापडते, आणि त्यातूनच पसारा वाढतो. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये दोन शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असावेत अशी अट घालता येते, ती घाला. मात्र अलीकडच्या काही वर्षांचे अंक तिथे बऱ्याचदा नसतात.

मराठी-कन्नड प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा. जुने प्रबंध पुष्कळदा स्कॅन केलेले असतात, आतला शब्द शोधून मिळत नाही. शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही प्रकारे टाकून बघावं. प्रकरणांच्या फायली वेगवेगळ्या असतात, तेव्हा सगळ्यात आधी संदर्भग्रंथांची फाइल उघडावी.

खानापूर_प्राध्यापक
म्हणजे शेवटी संदर्भसूचीच उघडायला सांगताय! मी तरी दुसरं काय म्हणत होतो? ठिकाणाचा कंस काढून टाका आणि माणसांच्या मागे जा, हेच माझं म्हणणं.

निपाणी_शोधछात्रा
सर, तो कंस मी पहिल्या फेरीत बाजूला ठेवते. विडी आणि कामगार एवढ्या दोनच कंसांवर येतील ते सगळे सारांश वाचून काढते आणि निपाणीची पाहणी आत कुठे आहे ते स्वतः बघते. जे लेख सापडतील त्यांच्या संदर्भांची साखळी तुम्ही म्हणता तशी धरते. पण सुरुवात डेटाबेसपासूनच. ग्रंथपाल सर, ओळ लिहून झाली की उद्या दुपारी दाखवायला आणू का? 'टीआयएबी' कुठे लावायचं राहिलंय का, तेवढं तपासून द्या.