मदत हवी आहे : सॅन फ्रान्सिस्कोतली जिंजरब्रेडची घरं, आई-बाबांसोबत

नमस्कार मंडळी. आई-बाबा सध्या फ्रीमाँटला आमच्याकडे आहेत. नाताळच्या आधी त्यांना नॉब हिलवरच्या फेअरमाँट हॉटेलच्या लॉबीतलं जिंजरब्रेडचं (आल्याच्या स्वादाच्या गोड बिस्किटाचं) घर दाखवायचं आहे. दोन मजली, माणूस आत शिरेल एवढं, आणि बाहेरून खऱ्या जिंजरब्रेडच्या हजारो विटा लावलेलं! आईला फोटो दाखवला, तर तिचा पहिला प्रश्न, "मुंग्या लागत नाहीत का गं?" (कोणाला उत्तर माहीत असेल तर तेही सांगा.)

अडचण बाबांच्या गुडघ्यांची आहे. बार्टने (इथल्या लोकल रेल्वेने) पॉवेल स्टेशनला उतरून युनियन स्क्वेअरच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलातला साखरेचा किल्ला आधी बघता येईल, तिथवर रस्ता सपाट आहे. पण पुढचा नॉब हिलचा चढ त्यांना जमणार नाही. पॉवेल स्ट्रीटच्या केबल कारला (रस्त्यावरून चालणारी जुनी ट्राम) सुट्टीत मरणाची रांग असते. त्यापेक्षा एम्बार्केडेरोला उतरून कॅलिफोर्निया स्ट्रीटची केबल कार धरावी का? ती फेअरमाँटजवळच थांबते, पण तिची पायरी उंच आहे. ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलंय का, की सरळ टॅक्सीच करू?

शिवाय सकाळी गर्दी कमी असते की संध्याकाळी? लॉबीत बसायला जागा मिळते का? तिथल्या हॉलिडे टीला (नाताळातला चहा-फराळ) किती आधी बुकिंग करावं लागतं? आई अंडं खात नाही, तिच्यासाठी वेगळं काही देतात का?

शनिवार-रविवार टाळणार आहोत, तेवढं ठरलंय.